एका गावचे दोन राणू : तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून काढलेला एका घराण्याचा माग

ठाण्यात राहणाऱ्या एका मुलीला तीन गोष्टी हव्या होत्या : खापरपणजोबांचं गाव कोणतं, ते वारले कधी आणि त्यांची जमीन गेली कुठे. घराणं मुंबईत आता चौथ्या पिढीत आहे. गावाकडे ना घर, ना सातबारा, ना येणंजाणं. तिच्या नात्यातल्या कुणीतरी माझं नाव सांगितलं, कारण मी मोडी वाचतो आणि जुन्या नोंदी शोधणाऱ्यांना जमेल तशी मदत करतो. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की, अशा शोधात जिथे जिथे माणसं अडतात, त्यातल्या बहुतेक जागा यात आल्या. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे. नावं बदलली आहेत, गावांची नावं गाळली आहेत.

आधी घरात काय होतं ते पाहू. मुलीच्या पणजोबांना आपण दौलत म्हणू. ते लालबागच्या एका गिरणीत नोकरीला होते. निवृत्तीच्या कागदावर त्यांची जन्मतारीख १ जून १९१५. त्यांची लेक, म्हणजे मुलीची आत्याआजी, ऐंशी ओलांडलेली पण खणखणीत. तिने सांगितलेली हकीकत एवढीच : बाबांचे वडील राणू तापानं गेले, तेव्हा बाबा लहान होते, ते मामाकडे वाढले, चुलत्यानं जमीन खाल्ली. राणूच्या बायकोचं, म्हणजे आत्याआजीच्या आजीचं, सासरचं नाव सगुणा. मामाचं गाव आत्याआजीला पक्कं ठाऊक होतं. वडिलांच्या गावाबद्दल मात्र “माणगंगेच्या अंगाला कुठंतरी” यापुढे गाडी जाईना. आणि नवरा गेल्यावर सगुणेचं पुढे काय झालं, या प्रश्नावर ती दर वेळी चहाचं विचारायची.

अशा वेळी बहुतेक जण ऑनलाइन सातबारा उघडून आडनाव टाकतात. साताऱ्याच्या पूर्वेकडे, माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात याचा उपयोग शून्य. अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं, आणि तेच आडनाव शेजारच्या चार गावांतही. कुलदैवतानेही काही उलगडत नाही. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव सगळ्यांचाच. आपल्याला मामाचं गाव माहीत होतं, म्हणून सुरुवात तिथल्या शाळेपासून केली.

जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या. त्याआधी या शाळा लोकल बोर्डाच्या होत्या. शाळा जुनी असेल तर तिचं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात अजून असतं, आणि ते बहुतेक वेळा तालुक्याच्या दप्तरापेक्षा बऱ्या अवस्थेत असतं. इथेही तसंच निघालं. दौलत राणू, जन्मतारीख १ जून १९१५. ही तारीख कुणी खरी मानू नये. ग्रामीण महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्या माणसांची गणतीच नाही, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी पोराकडे बघून वय ठरवायचे. पण त्याच ओळीतले बाकीचे रकाने सोन्याचे होते. जन्मठिकाणाच्या रकान्यात मामाचं गाव नव्हतं. दुसऱ्याच गावाचं नाव होतं, माणगंगेच्या काठचं. पालक म्हणून मामा. शाळा सोडल्याचं साल १९२८, आणि कारण : मुंबईस गेला.

लोक दाखल्याची नक्कल मागतात आणि नाव, जात, जन्मतारीख एवढंच वाचतात. जन्मठिकाण, आधीची शाळा, पालकाचं नाव आणि सोडल्याचं कारण हे रकाने मूळ रजिस्टरमध्ये असतात, नकलेत पुष्कळदा उतरत नाहीत. म्हणून रजिस्टरचं पान डोळ्यांनी पाहावं.

गाव मिळालं. आता चौदा नंबर. जुन्या मुंबई इलाख्यात गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये होत. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा येईपर्यंत बहुतेक खेड्यांत हाच एक आधार. ही रजिस्टरं तहसीलच्या अभिलेख कक्षात रुमालात बांधलेली असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून या रुमालांवरची धूळ झटकली गेली आहे. पुष्कळ पानं स्कॅन झाली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला, आणि चौदा नंबर हा शब्द चहाच्या टपरीवर ऐकू यायला लागला. आमचा शोध जातीच्या दाखल्यासाठी नव्हता, पण त्या लाटेचा फायदा आम्हालाही झाला. जाता जाता दिसलं ते सांगतो : शाळेत दौलतपुढे मराठा लिहिलं होतं, आणि गावच्या चौदा नंबरात त्याच भावकीच्या नोंदींपुढे कुणबी. या भागात हे इतकं सर्रास आढळतं की, जातीचा रकाना जुळला नाही म्हणून नोंद आपली नाही असं म्हणता येत नाही.

कार्यालयात काय मागायचं हे मात्र नीट ठरवून जावं. “आमच्या पणजोबांचं काही मिळेल का” असं विचारलं की उत्तर ठरलेलं. गाव, नमुन्याचा नंबर आणि साल लिहून, कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला की त्याच खिडकीवरचा माणूस वेगळा बोलतो. त्याला घराणं शोधता येत नाही. रुमाल काढून देता येतो.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, हे नवख्याला माहीत नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, बस्स. बारसं व्हायच्या आत वर्दी दिलेली असायची. आम्ही १९१३ ते १९१७ ची पानं काढली आणि इथे घोळ झाला. राणू बिन बाबाजी, म्हणजे बाबाजीचा मुलगा राणू, यास मुलगा, नोव्हेंबर १९१४. राणू बिन बाबाजी यास मुलगा, १९१६ चा उन्हाळा. एकाच माणसाची दोन मुलं म्हणावं, तर दोन्हींच्या मधे, १९१५ च्या डिसेंबरात, राणू बिन बाबाजी यास मुलगी. नोव्हेंबरात मुलगा, पुढच्या डिसेंबरात मुलगी आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुलगा, हे एका बाईला जमणारं नाही. म्हणजे गावात राणू बिन बाबाजी दोन होते. आडनाव एक, जात एक, भावकीही बहुधा एकच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असलेल्या गावात हे होणारच. दोन सख्ख्या भावांनी बापाचं नाव आपापल्या पोराला दिलं की पुढच्या पिढीत एका नावाची दोन माणसं तयार.

मग मृत्यूची पानं. १९१८ च्या ऑक्टोबरचं पान मी मुलीला मुद्दाम दाखवलं. इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दख्खनच्या खेड्यांतून गेली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं मेली. त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. एरवी महिनाभराला अर्धं पान पुरायचं त्या गावाची पानांवर पानं भरलेली. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला ताप, आणि खाली पान संपेपर्यंत नुसत्या सदरच्या खुणा. लिहिणाऱ्याचं अक्षर पहिल्या पानावर वळणदार आहे, तिसऱ्यावर ते ओढल्यासारखं झालं आहे. मग अक्षरच बदलतं. दुसरा कुणीतरी लिहू लागलेला दिसतो. पहिल्याचं काय झालं ते पान सांगत नाही.

त्यात राणू सापडला. वय ३०, ताप. पण नावाच्या पुढचा, म्हणजे बापाच्या नावाचा भाग कसरीनं खाल्लेला. आणि सापडलं असतं तरी काय? दोघांचाही बाप बाबाजीच.

इथे पुष्कळ शोध थांबतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे थांबत नाहीत. जवळचा राणू धरून वंशावळ पुढे नेली जाते. नावावर नाव जुळलं की माणसाला पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे : ज्या गावात आडनाव एक आणि नावं पाच-सात, तिथे नावाच्या मागे लागू नये. जमिनीच्या मागे लागावं. दोन राणू असू शकतात, पण एका सर्व्हे नंबरचा एक हिस्सा एकाच खात्यात असतो, आणि तो कुणाकडून कुणाकडे गेला हे सरकारने शेतसाऱ्यासाठी का होईना, लिहून ठेवलं आहे. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला, आणि पुढे १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच घातला गेला. म्हणजे १९१८ ची वारस नोंद असायलाच हवी होती.

पण घराण्याच्या नावावर आज गुंठाभरही जमीन नसताना सुरुवात कुठून करायची? भावकीच्या नावावरून. चुलत्याची शाखा गावातच होती, आणि त्यांचा सातबारा तुम्ही-आम्ही कुणीही पाहू शकतो. आजचा गट नंबर घेतला. या भागात एकत्रीकरण झालेलं असल्यामुळे गट नंबर हे नवे; १९४७ च्या कायद्यानं तुकडे जोडून केलेले. त्यामागचे सर्व्हे नंबर भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यातून मिळतात. जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा हाती आला की जुना हस्तलिखित सातबारा काढायचा. त्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीचा. तो फेरफार काढला की त्यात आधीचा खातेदार, तिथून आधीचा फेरफार. जिना उतरावा तसं एकेक पायरी खाली. साधारण १९४० च्या मागे गेलं की बालबोध, म्हणजे देवनागरी, संपते आणि मोडी सुरू होते.

मोडी फेरफार वाचताना एक गोष्ट मदतीला येते : मजकूर साच्यातला असतो. शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही; पण वर्दी कोणी दिली, मयत कोण, वारस कोण, नोटीस बजावली, तक्रार नाही, तपासून मंजूर, हा क्रम तलाठी बदलत नाही. दहा फेरफार वाचले की अकरावा अर्धा पाठ असतो. लक्ष फक्त साच्याबाहेरच्या शब्दांकडे द्यायचं.

दोन खाती वेगळी निघाली. एक राणू ओढ्याकाठच्या नंबरात, दुसरा गावाच्या वरच्या अंगाच्या माळावर. माळावरच्या राणूने १९२६ साली आपला हिस्सा सावकाराकडे गहाण टाकल्याची नोंद आहे. म्हणजे १९१८ ला तो मेला नव्हता. ओढ्याकाठच्या राणूची वारस नोंद १९१९ ची : राणू बिन बाबाजी मयत, वारस मुलगा दौलत, वय वर्षे ४, अज्ञान, त्याची पालनकर्ती आई सगुणा कोम राणू. कोम म्हणजे बायको. अ. पा. क. ही तीन अक्षरं सातबाऱ्यावर पाहून अनेक जण ते आडनाव समजतात; ती असतात अज्ञान पालन कर्ता, म्हणजे वयात न आलेल्या वारसाचा पालक. वय ४ म्हणजे १९१४ च्या नोव्हेंबरात जन्मलेला मुलगा तोच. आत्याआजीने सांगितलेलं सगुणा नाव जुळलं.

इतक्यावर काम झालं असं म्हणता आलं असतं. पण जिन्याच्या मधल्या पायऱ्या सोडायच्या नाहीत, म्हणून त्या नंबरावरचे पुढचे सगळे फेरफार काढले. १९२१ ची नोंद साच्याबाहेरची होती. सगुणेने पाट लावला, म्हणजे पुनर्विवाह केला, सबब पालनकर्ती म्हणून तिचं नाव कमी करून चुलत्याचं नाव दाखल केलं.

मुलगी बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, “हे सरकारी कागदावर कशाला लिहायचं?”

तलाठ्याला कुचाळक्या करायच्या नव्हत्या. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने लग्न कायदेशीर केलं, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह केलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपवला. तिसऱ्या कलमाने नवऱ्याकडच्या नातेवाइकांना अज्ञान मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागायची वाट दिली. तसा सगुणेला जमिनीत वाटा नव्हताच. मुलगा असताना विधवेला पोटगीपलीकडे काही नसे, तो बदल १९३७ च्या कायद्यापासून पुढचा. तिचा त्या नंबराशी असलेला संबंध मुलाची पालक एवढाच, आणि तोही पाटानं गेला. शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी तिचं लग्न फेरफारात आलं. बाई जमिनीच्या कागदात येते तेव्हा बहुधा अशीच येते, कुठून तरी कमी होताना.

आत्याआजीच्या चहाचं कोडं सुटलं. पोर मामाकडे का वाढलं तेही कळलं. जमीन चुलत्याच्या ताब्यात, आई दुसऱ्या घरी. पोराला घेऊन जायला आईचा भाऊ आला असणार. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, कागदावर नाही, आणि वंशावळीच्या टिपणात मी तो तर्क म्हणूनच लिहिला.

राहिली जमीन. घरात तीन पिढ्या एकच वाक्य चालत आलेलं : चुलत्यानं खाल्ली. १९३३ चा फेरफार म्हणतो की अज्ञान दौलत सज्ञान झाला, सबब अ. पा. क. शेरा कमी करून त्याच्या एकट्याच्या नावे खातं केलं. हल्ली राहणार मुंबई. नोव्हेंबर १९१४ ला जन्मलेला मुलगा १९३२ च्या अखेरीस अठरा पूर्ण करतो, आणि काही महिन्यांत नोंद होते. म्हणजे चुलत्यानं बारा वर्षं जमीन कसली आणि वेळ आली तेव्हा पोराच्या नावावर होऊ दिली. फेरफारात तक्रार नाही असा शेरा आहे. खाणारा माणूस असं करत नाही, निदान इतक्या सहज नाही.

पुढचा आकडा १९४१ चा, खरेदीचा. फेरफारात खरेदीखताचा दस्त नंबर असतो. तो घेऊन दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक २ पाहायची. ती मिळकतीवार असते, त्यामुळे माणसाचं नाव चुकीचं लिहिलं असलं तरी दस्त हाती लागतो. दौलतने आपला ओढ्याकाठचा हिस्सा चुलतभावांना विकला. दस्तात धंदा गिरणी कामगार, राहणार मुंबई. कारण, घरखर्चासाठी आणि देणं वारण्यासाठी. अशी वाक्यं दस्तलेखकाच्या साच्यातली असतात, त्यावरून फार काही ताडू नये. पण खाली दोन साक्षीदार आहेत, आणि त्यातला एक मामाच्या गावचा, शाळेच्या रजिस्टरात पालक म्हणून ज्याचं नाव आहे तोच. शाळेतला दौलत आणि जमिनीतला दौलत एकच, हे पक्कं झालं ते या सहीनं. खरं तर सही नाही, डाव्या हाताचा अंगठा.

घरच्यांना हा भाग जड गेला. मुलीचे काका फोनवर म्हणाले, “दस्त खोटा असेल.” असे दस्त होतात, नाही असं नाही. पण इथे वेगळ्या कार्यालयांत, वेगळ्या वर्षी, वेगळ्या कारणांसाठी लिहिलेले कागद एकमेकांना धरून आहेत, आणि विकणाऱ्याच्या बाजूचा माणूस, ज्याने त्याला वाढवलं तो, साक्षीला उभा आहे. काकांनी आणखी एक विचारलं, जे अशा प्रत्येक कामात कधी ना कधी निघतं : आता काही मिळेल का? काही नाही. नोंदणीकृत विक्री, ऐंशीहून जास्त वर्षं झालेली. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण जमिनीच्या आशेनं सुरू झालेला शोध आशा संपली की अर्ध्यावर टाकला जातो.

गावातल्या चुलत शाखेशी मग मुलगी स्वतःच बोलली. त्यांच्याकडे तीच गोष्ट उलट्या बाजूनं चालत आलेली होती : मुंबईवाल्यांनी जमीन विकली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. त्यांच्या घरी पुरणपोळीचं जेवण झालं, एवढं तिने मला कळवलं.

सगुणा मात्र सापडली नाही. १९२१ च्या नोंदीत तिने कोणत्या गावी पाट लावला ते लिहिलेलं नाही. तलाठ्याला त्याची गरज नव्हती. पुढच्या घरी तिचं नाव बदललं असेल. तिचा मृत्यू कुठल्यातरी गावच्या चौदा नंबरात दुसऱ्याच्या नावापुढे असेल, तिला पुढे मुलं झाली असतील तर त्यांच्या जन्मापुढे फक्त बापाचं नाव असेल. मामाच्या गावी एखाद्या घरात आठवण असू शकते, म्हणून आत्याआजीला तिथे घेऊन जायचं ठरतं आहे. पुढचं गाव कळलं तर त्या गावची १९२१ नंतरची पानं काढता येतील. तीर्थक्षेत्रांवरच्या उपाध्यांच्या, म्हणजे क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आणि घराण्यांच्या वंशावळी ठेवत दक्षिणेकडे फिरणाऱ्या हेळव्यांच्या पोथ्या अजून पाहायच्या आहेत, पण त्यांतही वंश बापाकडून चालतो, तेव्हा तिथे सगुणेपेक्षा बाबाजीच्या मागची एखाददुसरी पिढी मिळायचा संभव जास्त.

दाखल्यांसाठी जी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर करतात तिच्यात बायका नसतात. राणू, दौलत आणि खाली पोरं, काम भागतं. मुलीला तशी नको होती. तिच्या तक्त्यात राणूशेजारी सगुणा आहे, तिच्यापुढे १९१९ आणि १९२१ च्या दोन्ही फेरफारांचे नंबर आहेत, आणि दुसऱ्या नवऱ्याची चौकट कोरी ठेवली आहे. आत्याआजीला तो तक्ता वाचून दाखवायचा की नाही यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.